चालू गटाचं वजन

१२ नोव्हेंबर, मंगळवार
आठव्या आठवड्याची वजनं घेतली. चालू गट परत मागे. दोन पत्र्यांच्या मधे उंदरांचे पिंजरे, पत्र्यांना व्होल्टेज, घरात येते तीच पन्नास हर्ट्झची वीज. बंद गटाला पत्रे तसेच, फक्त वायर जोडलेली नाही. खातात दोघेही सारखंच, तरी चालू गट वाळका. वही सरांपुढे ठेवली. "खाणं तेवढंच, पण अंगी लागत नाही. म्हणजे चयापचय!" सर खुर्चीतून उठलेच. जानेवारीत प्रबंध देऊन टाक म्हणाले. खूश व्हायला हवं. डोकं नुसतं भणभणतंय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
आईचा फोन, चांदूर बाजारहून. आमचा गोठा हायटेंशनच्या तारांखाली. टिनाला हात लावला की मुंग्या येतात अन् म्हशी पान्हा चोरतात, हे तिचं दोन वर्षांचं रडगाणं. हा विषय मी घेतला तोच मुळी त्यापायी. आज राहवलं नाही. सांगून टाकलं, आई, तुझं खरं दिसतंय.
"मंग मी काय भैताडावानी बोलून राहिली होती का?"
इतकी खूश तिला कधी ऐकली नव्हती.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
आईने म्हशी हलवल्या! मामाच्या वावरात, निंबाखाली. मला विचारलंही नाही. विचारायचं काय, मीच तर...
अजून धड तपासून झालं नाही. कशाला बोलले मी.

२३ नोव्हेंबर, शनिवार
झोप लागेना, म्हणून सकाळी सातलाच प्रयोगशाळेत. उंदरांचं खाणं, झाडलोट आमचे शिपाई गुणवंतकाका बघतात. मी खाद्याच्या गोळ्या मोजून पुड्या करून ठेवते, उरलेल्या ते दुसऱ्या दिवशी मला मोजायला देतात. वजाबाकी केली की खाल्लं किती ते कळतं. आज बघते तर काका चालू गटापुढे हातभर लांब उभे, लाकडी डावाने गोळ्या टाकताहेत. निम्म्या गोळ्या पत्र्याला लागून खाली. मग झाडू.
"काका, हे काय?"
"करंटचं काम हाय, मॅडम."
"सकाळी बटण बंदच असतं की."
"माया साळा लाईनमन होता. त्यालेबी बंदच हाय म्हणून सांगतलं होतं."
सांडलेल्या गोळ्यांचं काय करता, विचारलं.
"झाडून फेकतो ना. घाण नाई ठेवत आपण."
बंद गटाला मात्र हाताने, नीट भांड्यात.
म्हणजे सांडलेलं सगळं मी खाल्लेल्यात धरलं. आठ आठवडे. बिचारे अर्धपोटी, आणि मी लिहितेय खातात सारखंच. चयापचय कसलं, डोंबलाचं. काकांवर राग काढावासा वाटला, काढता आला नाही. खाणं टाकताना मी एकदाही समोर नव्हते.

२५ नोव्हेंबर, सोमवार
सरांना सांगितलं. पेनाचं टोपण काढत-घालत म्हणाले,
"शेवटी एक ओळ टाक सांडण्याबद्दल."
"सर, त्या एका ओळीत अख्खा प्रबंध जातो."
"मग नवे उंदीर, पुन्हा आठ आठवडे. बघ तू."
रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. मेसमध्ये मी ताट तसंच ठेवून उठले.

२७ नोव्हेंबर, बुधवार
आईचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. नवे उंदीर मागवले. खाणं मीच टाकणार. काकांना सांगितलं तर म्हणे, "काहून, काई चुकलं का मायं?" नाही म्हटलं. लाज वाटली.

१ डिसेंबर, रविवार
शेवटी गेलेच. अकोल्याहून अमरावती, तिथून दुसरी एस.टी. आई निंबाखाली दूध काढत होती. बादलीत फेस. "पाय ना, आता कसा पान्हा सोडते." उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लाकडी डाव, सांडलेल्या गोळ्या, सगळं. हात न थांबवता ऐकलं तिने.
"उंदराचं चुकलं असन. म्हशीचं काहून चुकन?"
थंडी पडली, जागा बदलली, टिन नाही, दूध कशानेही वाढेल, म्हटलं. तारांमुळेच आटलं होतं असं म्हणता येत नाही.
"मंग कसं म्हणता येते?"
"परत तारांखाली बांधायच्या. दूध आटतं का बघायचं."
बोलून तर गेले. आईचा हात थांबला. म्हशीच्या पाठीवर ठेवला तिने, मग माझ्याकडे बघितलं.
"तू म्हणशीन तं आजच नेतो."
मस्करी नव्हती. खरंच नेल्या असत्या तिने, मी शिकलेली म्हणून.
नको म्हटलं. राहू दे इथंच. कशाच्या जोरावर म्हटलं, ते तिने विचारलं नाही.