दुसऱ्याचे अंग पांघरणारा जंत

तीर्थरूप म्हस्कूमामा यांना, दौंडाहून भाचा मल्हारचा दंडवत. तुमचा गुडघा आता ओट्याची पायरी चढू देतो का, ते कळवावे. मामींचा खोकला थांबला असेल असे धरून चालतो (थांबला नसेल तर हे वाक्य वाचलेच नाही असे समजावे).

लिहिण्याचे कारण, तुम्ही मला सांभाळायला दिलेली काळी मेंढी. ती खात होती, पण वाळत चालली होती. जनावरांच्या डॉक्टर सोनम मॅडमनी तपासायला लेंड्या मागवल्या. भांडे स्वच्छ हवे म्हणून मी मामींनी दिलेला स्टीलचा डबा घेतला आणि वर चिठ्ठी चिकटवली : लेंड्या, काळी, सकाळी ६.४०. कंपनी सुटल्यावर तो दवाखान्यात न्यायचा होता. पण कुरकुंभला जेवणाच्या सुट्टीत माझ्याबरोबर पॅकिंगला असणाऱ्या हनुमंतने चिठ्ठी न वाचता तो उघडला (तेव्हापासून तो स्वतःचाच डबा खातो).

मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकातून जंताचे अंडे दाखवले. हा जंत मेंढीच्या शिरांमध्ये, रक्तातच राहतो. मग रक्तातले पहारेकरी त्याला मारत कसे नाहीत, असे मी विचारले. त्या म्हणाल्या की तो मेंढीच्याच रक्तातले कण अंगावर चढवून घेतो, त्यामुळे पहारेकऱ्यांना तो घरचाच वाटतो. मामा, मी खुर्चीवरून उठलोच. ही तर तुमची विद्या. मेलेल्या कोकराची कातडी पोरक्या कोकरावर बांधून तुम्ही ते मेलेल्याच्या आईखाली सोडता, ती हुंगते आणि पाजते. तुम्हाला हे आजोबांनी शिकवले. नखाएवढ्या जंताला कोणी शिकवले असेल? शिवाय यातला नर मादीला अंगाच्या घडीत धरून जन्म काढतो. औषध पाजताना मला त्याच्याविषयी आदरच वाटत होता (काळी आता सुधारते आहे). तो डबक्यातल्या गोगलगायींमधून पाण्यात येतो, तरी तुमची मेंढरे ओढ्याच्या डबक्यावर नेऊ नयेत.

आपला आज्ञाधारक,
मल्हार

ता. क. डबा सात वेळा उकळून परत पाठवत आहे. मामींना कृपया काही सांगू नये.

आणखी ता. क. या रविवारी जेवायला येऊ नको, आपल्या सुषमाला बघायला शिरूरचे पाहुणे येणार आहेत, असा मामींचा निरोप मिळाला. तीन वर्षे दर रविवारी मी तुमच्या पंगतीला आहे. मिशी तुमच्यासारखी ठेवली, चहा तुमच्यासारखा बिनसाखरेचा प्यायलो, तुमचे कुत्रेसुद्धा माझ्यावर भुंकत नाही. हे कशासाठी चालले होते ते तुम्हाला ओळखू आले नाही, यात तुमचा दोष नाही, शास्त्रच तसे आहे. सुषमाला मी विचारले आहे. ती म्हणाली, "आधी आबांना सांग, मग मी व्हय म्हणंन." म्हणून तुम्हाला सांगितले. पाहुण्यांना थांबवावे. तसे जमत नसेल तर उरलेले औषध मलाच पाजावे. मात्रा वजनावर असते. माझे वजन त्रेपन्न किलो आहे.