सफाईच्या खडकावरचे अकरा

लिहून ठेवते की, माझे वय चोपन्न, डोके शाबूत, आणि येत्या सोमवारी डॉक्टर माझे पोट उघडणार आहेत. पुढे काही बिनसलेच तर मागे भांडणे नकोत, म्हणून कोणाच्याही दबावाशिवाय (वहिनीचा आग्रह हा दबाव धरलेला नाही) माझी व्यवस्था खालीलप्रमाणे समजावी. यापूर्वीचे मृत्युपत्र नाही. सवड नव्हती; मी बहुतेक पाण्याखाली असे.

कलम एक. दोन खोल्यांचे घर भावाला. न्हाणीघरात कायम वाळत असलेला माझा पाणबुड्याचा रबरी पोशाख वहिनीला. ती त्याला वीस वर्षे 'तुमच्या बहिणीचं ते टांगलेलं भूत' म्हणत आली. आता हक्काने फेकता येईल.

कलम दोन. आमच्या सागरी संशोधन संस्थेच्या संचालकांना माझी निळी वही. ते एकेकाळी माझ्याच बोटीतून यायचे आणि म्हणायचे, "बाई, शार्क सोडून त्या बोटभर माशांच्या मागे काय लागलात?" वहीत बोटभर माशांचीच हकीकत आहे. शार्क खडकापाशी येतो, वेग कमी करतो, तोंड उघडतो. सफाई मासा आत शिरून कल्ल्यांना चिकटलेले किडे टिपतो. अधूनमधून लबाडी करतो, किडे सोडून शार्कच्या अंगाचाच लचका घेतो. दुसरे गिऱ्हाईक बघत असले की मात्र इमानाने वागतो. असे का, ते मला अजून पुरते उलगडलेले नाही. संचालकांना लवकर उलगडेल.

कलम तीन. कॅमेरा भाचीला. तिचा फोटो स्टुडिओ आहे, आणि माझी वीस वर्षांची चूक तिने चहा निवायच्या आत पकडली. ती चूक अशी.

त्या खडकाभोवती जाळी टाकायला बंदी आहे. पंधराहून जास्त शार्क सफाईला येत असतील तरच बंदी, असा मासेमारी समितीचा नियम. मी अठरा मोजले होते. डागांवरून एकेकाला ओळखायचे, नंबर द्यायचा, अशी पद्धत. गेल्या महिन्यात भाची फोटो चाळता चाळता म्हणाली, "आत्या, हा आणि हा एकच आहे."

"काहीतरीच. ह्याच्या कुशीवर तीन डाग आहेत, त्याच्या एकही नाही."

"अगं, एक डावीकडून काढलाय, एक उजवीकडून. माणसाचा तीळ तरी दोन्ही गालांवर असतो का? पाठीवरच्या पंखाची खाच बघ. एक फोटो आरशासारखा उलटा करून ठेवते, आता बघ."

अशा सात जोड्या निघाल्या. अठराचे अकरा झाले.

कलम चार. (रद्द. का, ते खाली.) मसुदा असा होता: खऱ्या आकड्याचा लिफाफा माझ्या पश्चात समितीला द्यावा. हे मी आमच्या बोटवाल्याला वाचून दाखवले. तो या कागदाचा साक्षीदार आहे, आणि बंदी दहा वर्षांनी वाढवायची की नाही ते समिती पुढच्या गुरुवारी ठरवणार, हे त्याला ठाऊक आहे.

"म्हणजे बाई, तुम्ही गेलात तर अकरा, आणि वाचलात तर अठरा?"

"बंदी एकदा वाढू दे. मग सांगणारच होते."

"माझ्या भावांनी जाळी गुंडाळली ती काय नियम वाचून? मी त्यांना सांगितलं, बाई मोजून बोलतात."

मी तिथेच कलम चारवर काट मारली. घरात हे कोणाला खरे वाटणार नाही.

मग वह्या पुन्हा काढल्या. दोन-दोन नंबरांखाली विखुरलेल्या फेऱ्या एकत्र केल्या. खाच असलेली मादी मी वर्षाला एकोणीस आणि बावीस वेळा आलेल्या दोन माद्या समजत होते; ती एकटीच एक्केचाळीस वेळा आली होती. बाकी सहाही मी लिहिले होते त्याच्या जवळजवळ दुप्पट येतात, आणि याच खडकावर. शेजारच्या खडकावर त्याच जातीचे सफाई मासे रिकामे बसलेले असतात, तिकडे यांतला एकही फिरकत नाही. का? चव, सवय, की तिथला मासा जास्त लबाड? हे जाणून घेण्यापुरते तरी मला सोमवारनंतर उरायचे आहे.

अकराचा आकडा आणि फेऱ्यांचा हिशेब, दोन्ही आज भाचीच्या हाती समितीला पाठवले. तिने पोच आणली. ज्यांना दुसरी जागा चालत नाही त्यांची जागा जपावी, असे मी पत्रात लिहिले आहे. नियमात तसे कुठे लिहिलेले नाही.

कलम पाच. पाण्याखाली लिहायची पाटी पुढे जो कोणी मोजेल त्याला. अट एकच: दोन्ही कुशींचे फोटो जुळल्याशिवाय नंबर देऊ नये.

बोटवाल्याला काही नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये, असे वकील म्हणाले. सही करण्यापूर्वी त्याने विचारले, "बंदी उठली तर?"

"तर तुझे भाऊ जाळी टाकतील."

"टाकतील," तो म्हणाला, आणि त्याने सही केली.

साक्षीदार: १. बोटवाला (सही) २. खालच्या मजल्यावरची शिंपीण (सही; मजकूर वाचला नाही, फक्त मला सही करताना पाहिले)

लिहून देणार: शार्क मोजणारी (सही)

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: शुक्रवार, बैठकीला सहा दिवस बाकी