आईच्या पायावरचा स्पंज

पवनी,
१० डिसेंबर २००७

चि. प्रफुल्ल,

जयभीम. आम्ही सगळे इकडे मजेत आहोत, असं आईनं लिहायले लावलं असतं. तिले हे पत्र ठाऊक नाही, म्हणून ते वाक्य वाचलंच नाही असं समज.

तुह्याशी मी बोलत नाही हे तुले माहीत आहे. बाबा गेले तेव्हा तू समुद्रात बोटीवर होता, समजून घेतलं. पुण्यानुमोदनालेही बोटीवरच होता, तेही समजून घेतलं. मंग पेपरात तुहा फोटो आला, तेव्हा बरा जमिनीवर होता. तुह्या भाऊजीनं कात्रण आणून मले वाचून दाखवलं. त्यात तू म्हणतोस का धानाच्या चिखलात आईच्या पायाले पडलेल्या भेगा पाहून मले जंतूवरचं औषध शोधायचं सुचलं. रोवण्याच्या दिवसात तू चिखलाच्या बांधीत उतरला तरी होता का कधी? तू कडेच्या धुऱ्यावर बसून पुस्तक वाचे. मी हाक मारली का आई म्हणे, राहू दे बाई, त्याचे पाय भरतीन.

भांडण लिहायले बसली नाही मी. तरी होऊन राहिलं, त्याले काय करू.

बातम्या अशा. धान चुरून पोत्यात भरून झालं. रंभाबाईच्या सुनेले पोरगी झाली. अंगणवाडीत माहे तेवढेच लेकरं आहेत अन् तेवढाच पगार. आईनं तू पाठवलेलं लुगडं एकदाच नेसलं, मंग घडी करून ठेवलं. म्हणे, प्रफुल्ल येईन तेव्हा नेसीन.

लुगड्यासोबत दिवाळीच्या पार्सलमध्ये कापसात गुंडाळलेलं ते पिवळट, भोकाभोकाचं, हाताले टोचणारं काही होतं. मले वाटलं भांडे घासायले पाठवलं. दिवाळीनंतरच्या रविवारी तू फोनवर आईले समजावून सांगतलं का हा स्पंज आहे, झाड नाही, समुद्रातला जीव आहे. त्याले पाय नाही, दात नाही, जागचं हलता येत नाही. म्हणून तो अंगातच असं काही तयार करते का जंतू त्याच्या वाटेले जात नाही. अन् त्याच्यातूनच आम्ही औषध काढून राहिलो, दवाखान्यातल्या कोणत्याच इंजेक्शननं मरत नाही तो जंतूही त्यानं मरते. आई अर्धा दिवस त्या स्पंजाकडं पाहत बसली. 'बिचाऱ्याले पळताही येत नाही,' म्हणे. मंग तिनं तो बुद्धाच्या फोटोखाली ठेवला.

त्याच आठवड्यात धान कापताना तिच्या उजव्या पायात खुंट घुसला, करंगळीच्या बाजूले. तिले शुगर आहे. माहीत आहे ना, का तेही पेपरात छापून यावं लागते? जखम भरली नाही. पवनीच्या गोळ्यायनं काही फरक पडला नाही. पाय सुजला तेव्हा मी अन् तुहे भाऊजी तिले भंडाऱ्याले घेऊन गेलो. डॉक्टरनं पू तपासायले पाठवला. जंतू निघाला तो तुह्याच पेपरातला, नेहमीच्या औषधायले दाद न देणारा. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं काढू, मंग भारी इंजेक्शन देऊन बाकीचा पाय वाचवून पाहू. उशीर केला तर गुडघ्यापर्यंत जावं लागेल.

तुले वाटन, हे मले फोनवर काहून नाही सांगतलं. दर रविवारी तुहा फोन येते अन् आई म्हणते, सगळं बरं हाये बाबू. तिनं माहा हात धरून माह्याकडून कबूल करून घेतलं का फोनवर पायाचं काही सांगायचं नाही, त्याचं काम अडन. पत्राचं काही बोलली नाही. म्हणून हे पत्र.

आता जे लिहायचं होतं ते लिहितो. डॉक्टरनं जखम धुतली तेव्हा चिमट्यात बारीक कुसळं आली, काचेसारखी चमकणारी. 'काय लावलं होतं?' डॉक्टरनं विचारलं. आई माह्याकडं पाहून राहिली. मी म्हटलं, 'धानाचं कुसळ असन साहेब.' मले ठाऊक होतं ते कशाचं आहे. पेपरात फोटो आलेल्या माणसाचं नाव त्या टेबलापाशी घ्यायची मले लाज वाटली. तुही लाज मी काहून राखली हे अजून समजत नाही, अन् त्याचाही राग तुह्यावरच येते.

तुहा स्पंज होता तो, प्रफुल्ल. आईनं पाट्यावर वाटला, जवसाच्या तेलात कालवला अन् जखमेत भरला. एकदा नाही, रोज.

अन् तिनं मनानं नाही केलं. खुंट लागला त्याच्या पुढच्याच रविवारी तिनं तुले विचारलं होतं. मी बाजूले उभी होती. 'बाबू, पायाले जरासं खरचटलं हाये, तुहं हे लावू का?' मंग फोन ठेवून हसत म्हणे, 'लाव म्हणते. हसला माहा पोरगा, पण लाव म्हणते.' तू गंमत केली, तिनं ती खरी धरली. तुह्या तोंडातून निघालेली कोणती गोष्ट तिनं खरी धरली नाही, सांग बरं?

ताराबाईच्या पोरीच्या लग्नात भाऊजीले मात्र तू खरं सांगतलं होतं. बादलीभर स्पंजातून चिमूटभर निघते. ते काचेच्या बशीत जंतू मारते, मंग उंदरावर पाहा, मंग माणसावर, दहा-बारा वर्षं जातात अन् शेवटी काही निघतही नाही. वाळलेल्या सांगाड्यात, तू आईले पाठवला तशा, तर काहीच राहत नाही. भाऊजीले खरं सांगायचं अन् आईले गोष्ट, असं काहून?

मी तो स्पंज वैनगंगेत फेकून आली. घरी येऊन पाहतो तर तिनं एक तुकडा तंबाखूच्या चंचीत लपवून ठेवलेला. बोटं कापू देत नाही. मी समजावलं, भाऊजीनं समजावलं, शेजारची रंभाबाई पाया पडली. आईचं एकच, 'माह्या पोराचं औषध लागून राहिलं, जरा उशीर होतेच.' मी जास्त बोलली तर म्हणे, तुले पहिल्यापासून त्याचं चांगलं पाहवत नाही.

काल तिनं पट्टी सोडली तेव्हा घरभर वास सुटला. मी नाकाले पदर लावला. ती म्हणे, 'समुद्राचा वास हाये तो.' आईनं समुद्र कधी पाहिला नाही, प्रफुल्ल. तू कधी नेलं नाही.

येत्या सोमवारी, १७ तारखेले, भंडाऱ्याले बोटं काढायची तारीख आहे. शनिवारपर्यंत घरी पोहोच. बोटीचं, साहेबाचं, सुट्टीचं काही मले लिहून पाठवू नको. येऊन तिच्यासमोर खाली बस अन् सांग का आई, ते औषध नव्हतं, कपाटात ठेवायची वस्तू होती, मी हसण्यावारी बोललो. फोनवर सांगशील तर ती मानणार नाही, म्हणन बहिणीनं शिकवलं. तुहं तोंड पाहून मानन. मंग तिच्या नजरेतून तू उतरशील. मले माहीत आहे तुले ते किती जड जाईन, तिले त्याच्याहून जड जाईन. तरी सांग.

ते झालं का ओसरीत येऊन मले एकटीले सांग, तुह्या त्या काचेच्या बशीतलं खरंच कधी औषध होणार आहे का. तिले नको सांगू. मले ऐकायचं आहे.

लुगडं घडी करून ठेवलं आहे.

आईच्या पायापुरती तुही बहीण,
प्रतिक्षा