दासीच्या तीन ओळी

प्रिय चिमणे,

सकाळपासून माझ्या टेबलावर दोन कागद पडले आहेत आणि दोन्हींवर तुझी सही आहे. पहिला अभ्यास समितीचा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा मंगळवारचा नाट्यवाचनाचा तास बंद करावा, चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांचा रुग्णसेवेशी संबंध नाही. दुसरा तुझा एकटीचा. ऑपरेशन थिएटरमध्ये एक विद्यार्थिनी वरिष्ठ सर्जनवर, म्हणजे तुझ्यावर, ओरडली, तिच्यावर कारवाई व्हावी. प्राचार्य म्हणून दोन्हींना उत्तर मी ऑफिसच्या कागदावर देईनच, पण हा घरचा कागद आहे. तक्रार शुक्रवारपर्यंत मागे घेतली नाहीस तर ती त्या मुलीच्या नोंदीत चढेल, आणि तशी नोंद असलेल्या मुलीला एकही चांगलं रुग्णालय दारात उभं करत नाही. हे तुला माहीत आहे, तरी लिहिते.

आधी तासाचं. तू तो कधी पाहिलेला नाहीस, म्हणून बंद करायची घाई. तो चादरींच्या खोलीत भरतो, कारण चार वाजता तेवढीच खोली रिकामी असते. इस्त्रीचे गठ्ठे भिंतीला सारून वीस मुली जमिनीवर बसतात. साहित्याची पदवी घेऊन मी नर्सिंगला गेले तेव्हा तुझी आजी म्हणाली होती, तीन वर्षं पाण्यात गेली. ती कुठेही गेली नाहीत, या खोलीत आहेत. मुली दरवर्षी कुरकुरतात. इंग्रजी जुनं, वाक्यं लांबलचक, श्वास पुरत नाही. यंदा एकीने विचारलं, मॅडम, मोबाइलवर पाच मिनिटांत सारांश मिळतो, मग आम्ही घसा कशाला कोरडा करायचा? मी म्हटलं, काढ सारांश आणि वाच सगळ्यांना. तिने वाचला. यात दासी कुठे आहे, असं मी विचारलं. नव्हती. सारांशात दासी कधीच नसते.

आम्ही वाचतो त्या नाटकात एक ड्यूक भलत्याच माणसाला फासावर चढवायला निघालाय. दरबार भरलेला आहे, निम्म्या लोकांना चूक दिसतेय, आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघताहेत. बोलते फक्त पाण्याचं तबक घेऊन आलेली दासी. सबंध नाटकात तिला तीन ओळी. ड्यूक ऐकत नाही, निरपराध माणूस जातो आणि शेवटी ड्यूकचं घरही उद्ध्वस्त होतं. आमचा नियम असा की ड्यूक दरवर्षी मीच, आणि दासी वर्गातल्या सगळ्यात दबक्या मुलीने व्हायचं. मी खरोखर खेकसते. त्यासाठी मला अभिनय करावा लागत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? मुलीचा आवाज खाली आला की पुन्हा पहिल्यापासून.

यंदाच्या दासीला मुली कुजबूज म्हणतात, यावरून काय ते समज. इंजेक्शनचा ट्रे तबक म्हणून हातात धरला की तो तिच्याआधी बोलायला लागायचा. दहा वेळा मी तिला मागे पाठवलं. अकराव्या वेळी ट्रे हलला नाही. माझ्या डोळ्यांत डोळे घालून तिने ते जुनं इंग्रजी वाक्य पूर्ण केलं, मराठीत म्हणजे "हुजूर, हा तो माणूस नव्हे," आणि मीच पाऊलभर मागे सरकले. स्वतःच्या शब्दांत तिला हे जमलं नसतं. मोठ्यांपुढे तोंड उघडायचं नाही हेच ती घरून शिकून आली आहे. म्हणून परके, जुने, वजनदार शब्द लागतात. ते उसने घेऊन मुलगी ताठ उभी राहायला शिकते. पुढे शब्द विसरते, ताठ उभं राहणं तिच्यापाशी उरतं. आजच्या मुलींना याची गरज नाही, असं तुमच्या समितीला कशावरून वाटलं?

आता दुसरा कागद. त्या दिवशीचे भूलतज्ज्ञ मला जिन्यात भेटले. हर्नियाचा रुग्ण होता, त्या दिवसातलं तुझं सहावं ऑपरेशन, सकाळपासून पोटात चहासुद्धा नाही. हिरवं कापड डाव्या बाजूला लागलेलं, कुजबुजीच्या हातातल्या फाईलवर उजवी लिहिलेली. तिने आधी हळू सांगितलं. तू म्हणालीस, मध्ये बोलू नकोस. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. मग ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डॉक्टर, ही ती बाजू नव्हे." भूलतज्ज्ञांनी मला विचारलं, तुमच्या कॉलेजात इतकं मोठ्याने बोलायला शिकवतं तरी कोण? मी म्हटलं, मी. तुझ्या तक्रारीत तिने आवाज चढवल्याचं लिहिलं आहेस. खरंच आहे. बाजू कोणती होती, ते लिहायचं तेवढं राहून गेलं.

चिमणे, जे तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही ते आता सांगते. मी विद्यार्थिनी असताना मोठ्या डॉक्टरांनी एका बाईला रक्ताची बाटली लावायला घेतली. लेबलवरचा गट वेगळा होता. तो मी वाचला होता. कॉलेजच्या नाटकात माझा आवाज मोठा म्हणून मला नेहमी राणीचं काम मिळायचं, दासीच्या ओळी मी कधी म्हटल्याच नव्हत्या. मी गप्प राहिले. संध्याकाळपर्यंत ती बाई गेली. तिची दोन मुलं वॉर्डाबाहेरच्या बाकावर पाय हलवत बसली होती. पुढे शिकवायला लागल्यावर मंगळवारचा तास मी त्यासाठीच सुरू केला. तुझा राग मला कळतो, सगळ्यांदेखत चूक निघाली की माणूस आधी चूक काढणाऱ्यावरच चिडतो. पण तू थांबलीस. नाटकातला ड्यूक चारशे वर्षांत एकदाही थांबलेला नाही. म्हणून तक्रार मागे घे, आणि मंगळवारी चार वाजता चादरींच्या खोलीत ये. या खेपेला ड्यूक तू हो, कुजबूज समोर बसून ऐकेल. तबक मी धरते. त्या तीन ओळी मला एकदा मोठ्याने म्हणायच्या आहेत. माझा आवाज बहुतेक खाली येईल. आला, तर दयामाया न करता पुन्हा पहिल्यापासून घे.

तुझीच,
आई