शेवटचा 'का'

रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय दादा,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग वाटलं, ते वाचून तू वहिनीला म्हणशील, हिला नक्की काहीतरी हवंय. म्हणून ते पान फाडलं. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते, त्यामुळे काळजी नको. वहिनीला नमस्कार सांग. छोकरीचा निकाल कसा लागला, ते कळव.

फोन सोडून पत्र का, असं मनात आलंच असेल. फोनवर तू 'सगळं ठीक ना' विचारतोस आणि माझ्या तोंडून 'ठीक' निघून जातं. लिहिताना जरा वेळ मिळतो.

कारखाना चालू आहे. छपराचे गळके पत्रे बदलले. लेथवाले काका आता निवृत्त व्हायचं म्हणतात, दर महिन्याला म्हणतात, आणि सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. एका नव्या इस्पितळाच्या नळांचं काम मिळालंय. हप्त्याहप्त्याला हवे तेवढेच नळ द्यायचे, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. तुला बरं वाटेल म्हणून सांगते.

परवा पाण्याच्या टाकीपाशी उभी होते आणि आपण दोघं आठवलो. शाळेतून आलो की दप्तरं फेकून टाकीच्या कडेला खोक्यांवर बसायचो. बाबा एकेक तयार नळ हवेच्या नळीला जोडून पाण्यात बुडवायचे आणि आपण बुडबुड्याची वाट बघायचो. ज्याला आधी दिसेल त्याने बोट दाखवायचं. बाबा त्या नळावर खडूने फुली मारायचे आणि बादलीत टाकायचे. मला वाटायचं, फुल्या मारणं हाच बाबांचा धंदा आहे. आणि अर्धवट नळांच्या त्या पेट्या! खिडक्यांपर्यंत रचलेल्या. त्यांच्या मागे लपलं की तू मला शोधून दमायचास. कारखान्याची फरशी लाल आहे, हे तू त्या पेट्या हलवल्यास तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. तोवर मी चांगली कॉलेजात जायला लागले होते.

तू त्या मोठ्या कारखान्यातून शिकून परत आलास, ते दिवस मला फार आवडायचे. जेवताना तू ताटात भाताचे ढीग करून आईला समजवायचास, की पुढच्या टेबलाने मागितल्याशिवाय मागच्याने माल करायचा नाही. आई म्हणायची, मी पण कुणी मागितल्याशिवाय वाढत नाही, आता जेव. प्रत्येक टेबलावर तू घंटी लावलीस. चूक दिसली की वाजवायची, काम तिथंच थांबवायचं आणि 'का' विचारायचं. उत्तर मिळालं की त्या उत्तराला परत 'का'. मूळ सापडेपर्यंत. बाबा सुरुवातीला हसायचे, पण बघत असायचे.

तो दिवस तुलाही आठवत असणार. फुल्यांची बादली भरून वाहत होती आणि तू सगळ्यांना गोळा केलंस. नळ गळतात, का? आटे सैल आहेत. का? आटे पाडायचं हत्यार झिजलंय. बदललं का नाही? नवीन हत्यारं कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. कुलूप का? लेथवाले काका खाली बघत म्हणाले, "किल्ली मालकांच्या खिशात असते."

कुणीतरी हसलं. कोण ते मला आजही माहीत नाही. बाबांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली, म्हणाले, "चोर घरातच सापडला म्हणायचा," आणि चपला घालून निघून गेले. तू मागून ओरडून सांगत होतास की 'का' माणसाला विचारायचा नसतो, कामाला विचारायचा असतो. ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. रात्री जे बोलणं झालं ते मी लिहीत नाही. पुढच्या महिन्यात तू गेलास.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. तू गेल्यावर बाबांनी त्या कपाटाची दारंच काढून टाकली. भिंतीवर फळी ठोकली, प्रत्येक हत्यार तिच्यावर धरून कडेने पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. पाना, कानस, आट्यांची हत्यारं, सगळ्यांच्या आकृत्या. घंट्या काढा, असं कधी म्हणाले नाहीत. बादली रिकामी होत गेली आणि टाकीपाशी त्यांना काही काम उरलं नाही, तरी ते तिथं बसायचे. तू दिवाणखान्यात बसून दोन शब्द बोलून जायचास त्या भेटींमध्ये हे तुला सांगावं, असं मला दर वेळी वाटायचं. बाबा समोर असायचे, राहून जायचं.

हात दुखला. उरलेलं उद्या.

बुधवार

उद्या म्हटलं आणि तीन दिवस पेन उचललं नाही. खरं लिहायचं ते मी रविवारी लिहिलंच नाही, दादा.

मागच्या वर्षी एका सकाळी देवळीत बाबांच्या चष्म्याची आकृती दिसली. पांढऱ्या रंगाची, काड्यांसकट. मग दाराजवळ चपलांची. मग ओट्यावरच्या भिंतीवर झारा, गाळणी, चहाचं पातेलं. मला वाटलं, रिकाम्या वेळाचा उद्योग आहे. विचारलं तर म्हणाले, "तुझ्या दादाची पद्धत. जागा रिकामी दिसली की काय नाही ते लगेच कळतं." मग म्हणाले, "मला हल्ली कळेनासं झालंय."

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. विसरण्याचा आजार आहे. बरा होत नाही, हळू करता येतो. बाबांनी स्वतः ते आधीच ओळखलं होतं आणि कुणाला न सांगता घराची तयारी चालवली होती. आता उरलेली आम्ही करतो. न्हाणीघराचं दार निळं रंगवलंय. गॅस बंद करायची मुख्य चावी आईच्या उशाशी भिंतीत बसवून घेतली. बाहेरच्या दाराला कारखान्यातली एक घंटी बांधली, ते एकटे निघाले तर कळावं म्हणून. काही चुकलं की आई आणि मी त्यांना विचारत नाही, घरात काय बदलायला हवं ते शोधतो. तू नेमकं हेच सांगत होतास ना?

तुला कळवू द्या म्हणून मी मागे लागले होते. त्यांनी शपथ घातली. म्हणाले, "तो धावत येईल. आजाराचं निमित्त करून बोलावलं, असं नको व्हायला." म्हणून इतके दिवस माझ्या फोनवर सगळं ठीक होतं.

मग कालची गोष्ट घडली. सकाळी त्यांना बरं असतं, म्हणून मी त्यांना कारखान्यात नेते. ते टाकीपाशी बसले होते. वायसर बसवणाऱ्या बाईंनी घंटी वाजवली आणि सगळे थांबले. मी उठायच्या आत बाबा उठले, त्यांच्या टेबलाशी गेले. आवाज अगदी मऊ. काय झालं, म्हणून विचारलं. वायसर नीट बसत नाही. का? खाच उथळ पडलीय. का? बाई म्हणाल्या, लेथवर पितळ पकडणारा जबडा हलतोय. बाबांनी तोंड उघडलं, आणि तसेच उभे राहिले. आपण काय विचारत होतो, ते हातातून निसटलं होतं. त्यांनी नळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. लेथवाल्या काकांनी मशीनवर हात ठेवून पाठ फिरवली.

बाबांनी नळ बाईंच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "पुढचं थोरल्याला विचारा. त्याला शेवटपर्यंत विचारता येतं."

आणि शांतपणे जागेवर जाऊन बसले. कुणी हसलं नाही.

तू गेलास हे ते त्या क्षणी विसरले होते की त्यांना नीट आठवत होतं, मला सांगता येणार नाही. दुपारी मी विचारलं तर त्यांना त्यातलं काहीच आठवेना. पण ते बोलले, दादा, सगळ्यांसमोर बोलले. त्यांची शपथ मी आज मोडली, ती यासाठी. तुझं नाव त्यांच्या तोंडी अजून आहे. किती दिवस राहील, ते डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.

ये. कामाच्या दिवशी ये, सकाळी, आणि घरी न येता सरळ कारखान्यात ये. निघण्याआधी कळवू नकोस. कळवलंस तर मी त्यांना सांगून बसेन आणि ते वाट बघतील. कुणाची वाट बघतोय हे विसरलं, की ते फार घाबरतात.

तुझी आणि अजून तरी त्यांच्या ओळखीची,
धाकटी