सासऱ्यांच्या दाढेतला स्क्रू

३ मार्च, सोमवार

सासऱ्यांची वरची उजवी दाढ जेवताना हातात आली. सहा वर्षांपूर्वी मीच बसवलेली. हाडातलं इम्प्लांट शाबूत आहे, पण दाढ धरून ठेवणारा आतला बारीक स्क्रू मोडलाय आणि अर्धा तुकडा आतच राहिलाय. दोष स्क्रू बनवणाऱ्यांचा. किंवा सासऱ्यांच्या चावण्याचा. तुकडा उलटा फिरवायचा की आला बाहेर. दहा मिनिटांचं काम. फोटो काढून ठेवीन, पुढेमागे कुठे भाषण द्यायला उपयोगी.

४ मार्च, संध्याकाळी ६

शी! सहा वर्षं मुरलेली घाण. भोक उघडलं आणि असा भपकारा आला की मास्क नुसता नावाला. दीड तास गेला. मान मोडून वर बघणं मला जमत नाही, म्हणून छोट्या आरशात बघत टोकदार प्रोबने तुकडा उलटा फिरवत होतो. छान फिरला! मग हलेना. पण सुरुवात झाली.

५ मार्च

आरशावर वाफ, हातमोज्यावर तार धरणारी लाळ. ती ओघळत मनगटापर्यंत आली. यासाठी शिकलो मी?

सासऱ्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, हात स्वस्थ बसत नाहीत. आ वासलेला असतानाच हवेत बोटाने गोल गोल काढायला लागले. चक्कर येत असणार. खुर्ची आडवी केली, साखरेचं पाणी पाजलं. पुन्हा तेच. म्हातारपण, दुसरं काय.

तुकडा आणखी किंचित फिरला. प्रगती आहे.

७ मार्च

प्रोबचं टोक आत मोडलं. आता तुकडे दोन. हल्लीचा माल!

बायको म्हणते, धाकटीला बोलवा. धाकटी म्हणजे माझी मेहुणी, डेंटिस्ट. तिला इम्प्लांट शिकवलं कुणी? मीच. नाही म्हटलं.

तुकडा निघाला नाही तर हाड कोरून अख्खं इम्प्लांट काढावं लागेल. तेही अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. सासऱ्यांना सांगितलं नाही, घाबरतील. मी घाबरलेलो नाही.

८ मार्च

आजपासून कॉफी बंद. हात स्थिर हवा.

दुपारी ३. एकच कप. डोकं दुखत होतं.

९ मार्च, रविवार

बायको मला न विचारता वडिलांना धाकटीकडे घेऊन गेली. मीही गेलो, देखरेखीला.

धाकटीने मान वाकडी करून थेट आत पाहिलं. प्रोबचं टोक काढलं, मग स्क्रूला हात लावून थबकली. विचारलं, दाजी, आरशात बघून फिरवत होतात का? म्हटलं, अर्थात. ती हळूच म्हणाली, आरशात सुटताना दिसतं ते खरं तर आवळलं जात असतं.

वीस मिनिटांत तुकडा बाहेर. इम्प्लांट वाचलं.

सासऱ्यांनी चूळ भरली. म्हणाले, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं, जरा चढ्या आवाजातच. म्हणाले, जावयाला कसं सांगायचं, आणि तेही त्याच्याच खुर्चीत बसून?

थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाले की तुम्ही बसवलेले बाकीचे तीन दात यापुढे धाकटीच बघेल, तुम्हाला खूप कामं असतात.

मी बरं म्हटलं. स्वतःचीच किळस आली.