दुकानातून उघड्या डोक्यानं उठलो, त्याबद्दल

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि या एकोणीस वर्षांत मी तुमच्याविरुद्ध एक शब्द तोंडातून काढलेला नाही. आज काढणार आहे. तुम्ही समोर असतात तर माझी हिंमत झाली नसती, हे मला ठाऊक आहे. तुम्ही नुसती मान वर करून पाहिलं असतं आणि मी पुन्हा कापडाच्या घड्या मोजायला बसलो असतो. पण आता मी तुमच्याच वयाचा झालोय, गुडघे तुमच्यासारखेच धरतात, आणि मला वाटतं आता बोलायला हरकत नसावी.

आईच्या दिवसापासून सुरुवात करतो. मी चौदा वर्षांचा आहे. नारायण पेठेतल्या आपल्या दुकानात, दाराच्या डाव्या हाताला तुम्ही बसला आहात, मांडीत लाकडी ठोकळा, त्यावर अर्धी चढलेली लाल पगडी. कापडाचं दुसरं टोक मी ताणून धरलंय. मागच्या घरात आई महिनाभर अंथरुणाला खिळलेली. सकाळी वैद्यबुवा आले ते काढा न देताच गेले. ताई मधल्या दारात येते आणि म्हणते, आई तुम्हाला बोलावतेय. तुम्ही म्हणता, "एवढ्या दोन झाल्या की आलोच." कुणाच्या तरी लग्नातल्या पगड्या होत्या. थोड्या वेळानं ताई परत आली. तुम्ही तेच म्हणालात, फक्त दोनच्या जागी एक. तिसऱ्या वेळी ती दारात नुसती उभी राहिली. तुम्ही शेवटचा पदर खोचला, पगडी फिरवून चारी बाजूंनी पाहिली आणि मग उठलात. पुढं कित्येक वर्षं लोक मला ही गोष्ट कौतुकानं सांगत आले. काय माणूस, बायको गेली तरी दिलेला शब्द मोडला नाही. मीही मान डोलवत आलो. आबा, शब्द तुम्ही कुणाला दिला होता? त्या वऱ्हाडातल्या एकाचंही नाव आज आपल्या घरात कुणाला आठवत नाही.

तुमच्यामागं मी तुमच्या जागी बसलो आणि तुमच्यासारखाच बसलो. येईल त्याला हो म्हटलं. नाही म्हणणं आपल्या घरात नाही, हे तुम्ही मला जेवणाच्या पानावर शिकवलं होतं. लहानपणी एकदा अंगात ताप असताना तुम्ही मला दुकानात आणून बसवलंत आणि म्हणालात, ताप बसूनही उतरतो. तर मी बसलो. सात माणसं हाताखाली झाली, सदाशिव पेठ आणि शनवारातली घरंच्या घरं आपल्याकडून पगड्या बांधून नेऊ लागली, लोक म्हणाले, बापाचं नाव काढलं. आणि कधीपासून ते मला सांगता येणार नाही, पण मला जेवण लागेनासं झालं. गिऱ्हाइकाच्या डोक्याचं माप घ्यायचो आणि तीन पावलं चालून ठोकळ्याशी येईपर्यंत विसरायचो. सकाळी जाग आली की छातीवर कुणीतरी ओलं कापड टाकल्यासारखं वाटे. माझ्या पोरी मागच्या घरात हसल्या तरी मला राग यायचा, म्हणजे खरोखर राग, मी उठून त्यांना गप्प करून यायचो. रंगाऱ्याकडून नवा केशरी माल आला की पूर्वी मी तो आधी उन्हात धरून बघायचो. एका वर्षी तर गठ्ठा सोडलासुद्धा नाही. वैद्यबुवांना दाखवलं तर ते म्हणाले, पित्त आहे. काढा घेतला. पित्त असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी श्रावणात एका सरदारांचे कारभारी आले. दसऱ्याला चाळीस पगड्या हव्या होत्या, सगळ्या शिलेदारांना एकसारख्या. हातात आधीचं काम होतं ते होतंच. आपले जुने कारागीर, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो, ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, पंचवीस घ्या, चाळीस होणार नाहीत. मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. कारभाऱ्यांना म्हटलं, होतील की.

घट बसायला चार दिवस राहिले होते. काकांनी बांधलेली एक पगडी मी उचलली, ठोकळ्यावर फिरवली, ती सैल निघाली. मी ती त्यांच्या अंगावर फेकली. सगळ्या कारागिरांसमोर. म्हटलं, डोळे गेले असतील तर घरी बसा. तुमच्याबरोबर तीस वर्षं बसलेला माणूस, आबा. त्यांनी पगडी उचलली, झटकली, घडवंचीवर ठेवली, सुई कापडाला टोचून ठेवली आणि निघून गेले. ज्या दोरीला गाठ मारून आपण डोक्याचं माप ठेवतो, ती मी काढून बघितली. गाठ मीच चुकीच्या जागी मारली होती. एकीलाच नाही, त्या दिवशीच्या नऊ दोऱ्यांना.

मग मी उठलो. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. नदीच्या बाजूला चालत सुटलो. रस्त्यात लोक बाजूला होत होते, बायका दारातून आत जात होत्या, मला कळेना काय झालं. घाटाच्या वर एक ओळखीचे शास्त्रीबुवा भेटले, त्यांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?" मी हात डोक्याला लावला. डोक्यावर काही नव्हतं. अख्ख्या पुण्याच्या डोक्यावर पगड्या चढवणारा माणूस भर दुपारी सुतकी माणसासारखा उघड्या डोक्यानं पेठेतून चालत आला होता आणि त्याला पत्ता नव्हता. तिथंच पायरीवर बसलो आणि रडलो. आई गेली तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. तेव्हा टोक ताणून धरायचं होतं.

पुढचं सगळं माझ्या बायकोनं केलं. मला घरी आणलं, निजवलं आणि तिच्या भावाला कारभाऱ्यांकडं पाठवलं, की पगडबंद आजारी आहेत, पंचवीस मिळतील, पंधरा मिळणार नाहीत. मी अंथरुणातून ओरडत होतो, की नाव बुडालं, आता पेठेत तोंड दाखवायला जागा नाही. मेहुणा दिवेलागणीच्या आत परत आला. मी विचारलं, काय म्हणाले कारभारी? तो म्हणाला, ते पान खात होते. म्हणाले, "बरं. दुसरीकडे बघतो."

आबा, एवढंच. तुम्ही जन्मभर ज्याला घाबरलात आणि मला घाबरायला शिकवलंत, ते एवढंच होतं. पान तोंडात ठेवून बोलता येईल इतकं. आई गेली त्या दिवशी तुम्ही ठोकळा खाली ठेवून आत गेला असतात, तर वराचा बापही दुसरं काय म्हणाला असता? थांबला असता. नाहीतर जुन्या पगडीनं लग्न लागलं असतं. ती लग्नंही लागतात, आबा. मी पाहिली आहेत.

बायकोनं मला गाडीत घालून ताईकडं धायरीला पोचवलं. पहिले पंधरा दिवस मी झोपलो. दसरा तसाच झोपेत गेला. कुणी समोर आलं की लाज वाटायची, धडधाकट पुरुष, हात पाय शाबूत, आणि दिवसा निजलेला. ताईच्या सासूबाईंनी एक दिवस मला परसात पावट्याच्या शेंगा तोडायला बसवलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, पुटपुटतोयस काय? मी शेंगा मोजत होतो. सूप भरायला किती लागतात आणि मला किती वेळ लागतो, असं. त्या म्हणाल्या, "मोजतोस कशापायी? शेंगा हाय त्या. तुला कुणी विचारलं व्हय?" मला खरंच कुणी विचारलं नव्हतं. तरी मोजणं सुटायला मला अजून एक महिना लागला. लोक समजतात, दोन दिवस निजलं की माणूस उठतो. तसं नसतं. मधेच बरं वाटे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडावंसं वाटे. एका सकाळी भावजी पागोटं बांधून शेताकडं निघाले. इतकं वाकडं बांधलं होतं की मी त्यांना दारात थांबवलं, ते सोडलं आणि पुन्हा बांधून दिलं. माझ्या हातांना ते करावंसं वाटलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. ताई चुलीपुढून बघत होती.

मार्गशीर्षात पुण्यात आलो आणि सगळ्यांत आधी काकांच्या घरी गेलो. तिथं कळलं की माझ्यामागं बायको स्वतः त्यांच्या दारी गेली होती आणि त्या पंचवीस पगड्या त्यांनीच पुऱ्या करून दिल्या होत्या. मग पुन्हा घरी बसले होते. मी पाय धरले. त्यांनी काही ते सोपं केलं नाही. म्हणाले, माप तुमचं चुकलं होतं, मला तेव्हाच दिसत होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"तुमच्या वडिलांनाही बोललो नव्हतो," ते म्हणाले. "शेवटची तीन वर्षं त्यांनी बांधलेलं मी रोज घरी नेऊन सोडत होतो आणि पुन्हा बांधून आणत होतो. त्यांना माहीत होतं. एकदा मला म्हणाले, मला आता यात काही राम वाटत नाही, पण उठायची भीती वाटते. उठलो तर मी कोण, ते मला माहीत नाही."

हे ऐकल्यापासून मी तुमच्यावर जितका चिडलोय तितका आईच्या बाबतीतही चिडलो नव्हतो. तीन वर्षं! मी तुमच्या शेजारी, हातभर अंतरावर बसत होतो. मला तुम्ही तापातही उठू दिलं नाहीत आणि स्वतःचं मात्र परक्या माणसाला सांगितलंत. मला एकदा सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की पोरा, मला हे होतंय, तुलाही होईल, झालं की ऊठ. मी तुम्हाला मागच्या घरात नेऊन निजवलं असतं. दुकान बंद ठेवलं असतं. लोकांना म्हटलं असतं, आबा आजारी आहेत. लोक म्हणाले असते, बरं.

आता दुकानात पाच माणसं आहेत. काका परत आले, पण माप तेच घेतात, मी घेत नाही. अमावास्येला दुकान बंद असतं, इतर कारागिरांचं असतं तसं. महिन्यातून दोनदा तरी मी कुणाला तरी नाही म्हणतो. गेल्या पंधरवड्यात एकजण म्हणाले, तुमच्या वडिलांनी कधी परत पाठवलं नसतं. मी म्हटलं, खरं आहे, त्यांचं दुकान उघडं असेल तर बघा. मग घरात जाऊन पाणी प्यायलो.

आज अमावास्या आहे आणि मी सकाळपासून हे लिहीत बसलोय. वाटलं होतं, लिहिता लिहिता तुमच्यावरचा राग उतरेल. उतरला नाही. मघाशी बायकोनं विचारलं, काय लिहिताय? मी म्हटलं, रंगाऱ्याला द्यायची यादी. तिला वाचता येत नाही, म्हणून खपून गेलं. ती म्हणाली, आज कामाचं काही लिहायचं नाही असं ठरलंय ना, आणि बोरू माझ्या हातातून काढून घेऊन गेली. पोरीला मी अक्षरं शिकवतोय, हे शेवटचं तिचा बोरू मागून लिहितोय.